झुंबरकुळाची वाटणी

७ जानेवारी

प्रिय नकटे,

आधी बातमी, मग आशीर्वाद. आपल्या संस्थेनं यंदाच्या वार्षिक सभेत माझा सत्कार करायचं ठरवलंय. झुंबरकुळासाठी! पत्र आलं तेव्हा तुझे बाबा माझ्या बेसिनचा नळ खोलून बसले होते. त्यांनी पाना बाजूला ठेवला, पत्र वाचलं आणि मला विचारलं, "ताई, झुंबरं लावायचं काम तू कधी करत होतीस?" सख्खा भाऊ आहे. आयुष्यभर माझ्या खालच्या मजल्यावर राहिलाय. जगभराचे नळ दुरुस्त करतो, पण बहीण काय करते ते याला माहीत नाही.

मग त्याला पहिल्यापासून सांगितलं. मातीत एकेकटे राहणारे बारीक अमीबा असतात, जीवाणू खातात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण अन्न संपलं की हेच एकलकोंडे एकमेकांना हाका मारतात. आवाजाच्या नव्हेत, रसायनाच्या. हजारोंनी गोळा होतात, त्यांची मोहरीहून बारीक अळी बनते, ती उजेडाकडे सरपटते आणि मग उभी राहते. काही पेशी मरून देठ होतात, बाकीच्या त्या देठावर चढून बीजाणू होतात, पुढच्या सुगीची वाट बघत. लोक यांना चिकटबुरशी म्हणतात. बुरशीशी यांचं काही नातं नाही, पण एकदा नाव पडलं की पडलं.

बहुतेकांचा देठ साधा असतो, वर एक थेंब, संपलं. पण काहींच्या देठाला मधे मधे गोल फांद्या फुटतात, फांदीच्या टोकाला एकेक चमकता थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर झुंबर! त्यात काही पांढरे, काही जांभळे. तरुणपणी संस्थेच्या सभेत मी उभी राहून म्हटलं, हे सगळे एका आईचे आहेत, यांचं घर वेगळं मांडा. माझ्या प्रत्येक कामाला विरोध करणारे आपले करवतसाहेब म्हणाले, "बाई, फांद्या फुटणं ही सवय झाली, ते रक्त नव्हे." त्या करवतीच्या आवाजात ते हेच वाक्य दर वर्षी म्हणत आले. आणि पुस्तकांत काय छापलं गेलं? झुंबरकूळ. स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी नीट सांगत नाही.

तर सभा मे महिन्यात आहे. तू पहिल्या रांगेत हवीस. आपल्या घराण्याचं नाक तुला आलं नाही, हे दुःख मी अजून विसरलेले नाही, पण डोकं आलंय, आणि ते मला लोकांना दाखवायचंय. तुझ्या त्या जनुकं वाचायच्या यंत्राचं काय चाललंय तेही लिही. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि तू उरलेलं अर्धं गिळतेस.

तुझी,
आत्या


२३ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी जिन्यातच उघडलं आणि तिथंच बसून वाचलं. शेजारीण विचारत होती, बरं आहे ना सगळं? मी म्हटलं, माझ्या आत्याचा सत्कार आहे. तिला तू कोण हेही माहीत नाही, तरी तिनं पेढे मागितल्यासारखं तोंड केलं. अभिनंदन. खूप खूप अभिनंदन. तुझ्यामुळेच मी या वाटेला लागले. लहानपणी इतर मुलींना आत्या फ्रॉक शिवून द्यायच्या, तू मला आगरच्या थाळीत सरपटणारी अळी दाखवलीस.

इथं सगळं ठीक. मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या बाई कडक आहेत, पण बऱ्या आहेत. माझ्या शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला दिवसभर शीळ घालतो. जनुकांचं वाचन चालू आहे, थोडं अडलंय. मे महिन्यात रजा मिळेल की नाही सांगता येत नाही, आत्ताच खात्री देत नाही.

एक विचारायचं होतं. तुझे जांभळे मूळ कुठल्या मातीतून आले? आणि ते तेव्हापासून तुझ्याच फ्रिजमध्ये आहेत ना, मधे कुणाशी अदलाबदल वगैरे? सहज विचारतेय. पांढऱ्यांचंही सांग. जमलं तर थोडे ताजे बीजाणू पाठव.

बाबांना सांग, पाठीला पट्टा लावल्याशिवाय बेसिनखाली शिरू नका.

तुझी,
नकटी


४ फेब्रुवारी

प्रिय नकटे,

कोण आहे तो?

माझ्याशी लपाछपी खेळू नकोस. आयुष्यभर परीक्षेचे पेपर तपासलेत मी, उत्तर येत नसलेलं पोर प्रश्नाच्या भोवती कसं फिरतं ते मला कळतं. "सगळं ठीक", "थोडं अडलंय", "खात्री देत नाही", "सहज विचारतेय". अगं, एवढ्याशा पत्रात एवढी टाळाटाळ! आणि तो शीळ घालणारा चष्मेवाला पत्रात कशाला आला? आजवर तू शेजारच्या टेबलाबद्दल एक ओळ लिहिली नव्हतीस.

हे बघ, मी जुनी असले तरी बुरसटलेली नाही. मुलगा कुठलाही असो, कामाला चोख असला म्हणजे झालं. फक्त सभेच्या महिन्यात लग्न काढू नका. नाहीतर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, आणि त्यातलं पहिलं विघ्न मी असेन. तुझ्या बाबांना मी काही बोललेले नाही. म्हणजे बोलले, पण त्यांनी "शीळ कुठल्या सुरात घालतो?" एवढंच विचारलं.

जांभळे मी स्वतः गोळा केले, एका जुन्या बागेच्या मागच्या खड्ड्यातल्या कुजक्या पानांतून. तेव्हापासून माझ्या हाताबाहेर गेलेले नाहीत. अदलाबदल म्हणे! माझ्या फ्रिजमध्ये लोणी इकडचं तिकडे होईल, बीजाणू होणार नाहीत. ताजे पाठवते आहे, पांढरेही.

आता सरळ लिही.

आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

चष्मेवाल्याचं लग्न झालंय, त्याला जुळ्या मुली आहेत. शीळ त्यांच्यासाठी शिकतोय.

सरळ लिहायचं तर हे पत्र मी बऱ्याचदा लिहून फाडलंय. आज पाठवतेच.

तुला माहीत आहे मी काय करते. या सगळ्या मंडळींत एक जनुक समान असतं. पिढ्यानपिढ्या त्याची नक्कल होत आली, आणि नक्कल करताना चुका होतात. ज्या दोघांच्या चुका सारख्या, ते जवळचे. ज्यांच्या वेगळ्या, ते लांबचे. एका मुलाच्या वहीवरून दोघांनी गृहपाठ उतरवला की कसं पकडायचीस तू, तसंच.

मी तुझ्या कुळातले सगळे वाचले, आणि साध्या देठाचे जेवढे मिळाले तेवढेही वाचले. तुझे पांढरे सगळे एकत्र आले. तुझे जांभळेही एकत्र आले. पण पांढरे आणि जांभळे जवळ आले नाहीत, आत्या. भाऊ तर नाहीतच, चुलतही म्हणता येणार नाही. जांभळ्यांचं नातं साध्या देठाच्या एका मोठ्या घराशी निघतं, आणि पांढऱ्यांचं दुसऱ्याच घराशी. झुंबर दोन वेळा, दोन वेगळ्या घरांत, आपापलं उगवलंय.

मला वाटलं माझ्याच हातून नळ्यांची सरमिसळ झाली असेल. म्हणून मूळ माती विचारली, म्हणून ताजे मागितले. ते परवा वाचले. तेच उत्तर आलं.

बाईंना हे लगेच छापायचंय, दुसरीकडेही कुणीतरी याच्याच मागे आहे म्हणतात. मी त्यांना म्हटलं, आधी एका व्यक्तीला सांगायचंय. त्या म्हणाल्या, सांगा.

मी मे महिन्याबद्दल टाळाटाळ करत होते, कारण पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या आणि खिशात हे ठेवायचं, ते मला जमलं नसतं. मला फार भीती वाटतेय. उत्तर चुकीचं असेल याची नाही. तू माझ्याशी बोलणार नाहीस याची.

तुझी,
नकटी


१० मार्च

चि. बेटा,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत आणि तुझी आत्या ती उघडत नाही. त्याआधीचं उघडलं होतं, तेव्हापासून हे सुरू झालं. म्हणून मी लिहितोय. माझं अक्षर लागत नसेल तर तसंच सोडून दे, महत्त्वाचं फारसं काही नाही.

ताईची तब्येत ठणठणीत आहे. जेवते, फिरायला जाते, पेपरवाल्याशी भांडते. फक्त तुझं नाव काढलं की रेडिओ मोठा करते, आणि तिला तर रेडिओ ऐकूच येत नाही. मी विचारलं, पोरीनं काय केलं असं? तर म्हणाली, "तुझ्या मुलीनं माझं घर पाडलं." मी घाबरून आधी भिंतीच बघितल्या. एका ठिकाणी ओल आहे, पण ती जुनीच.

मला तुमच्या त्या झुंबरांतलं कळत नाही. पण एक सांगतो. परवा मी वर गेलो तर ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती, आणि बाजूला तिच्या सगळ्या थाळ्या मांडल्या होत्या, पांढऱ्या एकीकडे, जांभळ्या एकीकडे. एकीतून उचलून दुसरीत बघायची, परत पहिलीत. मी चहा ठेवला तो तसाच गार झाला. रुसलेला माणूस इतकं काम करत नाही. ती काहीतरी ठरवते आहे.

तू तुझं काम सोडू नकोस. खरं असेल तर खरंच आहे. गळती कुठं आहे ते दाखवलं म्हणून गिऱ्हाईक माझ्यावरच चिडतं, असं कितीदा झालंय. पण शेवटी पाइप तिथंच फुटलेला असतो.

पट्टा लावतो आहे.

बाबा


१४ मार्च

माननीय संशोधक बाईंस,

आपलं फेब्रुवारीचं पत्र पोचलं. नंतरची दोन न उघडता ठेवली आहेत. त्यात माफी असेल, आणि शास्त्रात माफीला किंमत नसते.

सोबत आठ नळ्या पाठवते आहे. नळ्यांवर आकडे आहेत, नावं नाहीत. आत काय आहे ते फक्त मला ठाऊक. त्या वाढवायचं काम आपण करायचं नाही. ज्याला जुळ्या मुली आहेत त्याच्याकडे द्या, आणि त्यानं आपल्याला फक्त वाचायपुरता रस काढून द्यावा. आपण थाळ्या पाहायच्या नाहीत, सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नाही. पांढरं की जांभळं, झुंबर की साधा देठ, काही कळता कामा नये. केवळ जनुकं वाचून मला सांगा, कोण कोणाचा कोण.

एक जरी चुकलं, तरी तुमचं झाड तुमच्याकडेच ठेवा आणि माझं घर माझ्याकडे राहू द्या. एकही चुकलं नाही, तर पुढचं पुढे बघू.

आपली,
आपली आत्या (सध्या केवळ नात्यानं)


२१ एप्रिल

प्रिय आत्या,

तू "माननीय संशोधक बाई" म्हटलंस ते वाचून आधी रडले आणि मग हसले, कारण आजवर मला असं कोणीच म्हटलेलं नाही.

तू सांगितलंस तसंच केलं. सगळं चष्मेवाल्यानं वाढवलं. त्याला मी शपथ घातली होती की तोंडातून शब्द काढायचा नाही, तर तो दोन आठवडे माझ्याकडे बघायचाही नाही, शीळसुद्धा बंद केली. निकाल असा:

एक आणि पाच पांढरे. दोन आणि आठ जांभळे. तीन साध्या देठाचा, जांभळ्यांच्या बाजूच्या घरातला. चार आणि सात एकच आहेत. जवळचे नव्हेत, एकच. एका नळीतलेच दोन नळ्यांत भरलेत तू, मला पकडायला. तुझ्या परीक्षेत एकच प्रश्न दोनदा वेगळ्या शब्दांत असायचा, हे मी विसरेन असं वाटलं तुला? तेही पांढऱ्यांतलेच.

राहिला सहा. तो कोण आहे मला माहीत नाही, पण तो पांढऱ्यांचा आहे. नुसता लांबचा नाही, घरातला. तो वाचल्यावर मी चष्मेवाल्याला म्हटलं, हा तरी नक्की झुंबरवाला. त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "कसलं झुंबर, याला एक फांदी नाही. काडीसारखा उभा आहे." तेव्हा मला कळलं. हा तुझा सडाफटिंग आहे ना? नोकरीच्या पहिल्या वर्षी तुला सापडलेला, ज्याची तू मला गोष्ट सांगायचीस? ज्याला झुंबर नाही म्हणून तू कुळात घेतलं नाहीस?

आत्या, आता मी भांडते. तुझ्या तरुणपणी या चिकटबुरशीत असे काही होते की जे असेच गोळा व्हायचे, असेच देठावर चढायचे. सगळे म्हणायचे, हे आपलेच. तू त्यांचे अमीबा सरपटताना तासन्‌तास बघितलेस आणि म्हणालीस, यांची चाल वेगळी आहे, हे आपले नव्हेत. "एक धंदा म्हणजे एक घराणं नव्हे." हे वाक्य तुझं आहे. मी तुझ्याच वर्गात ते लिहून घेतलं. तेव्हा तू बरोबर होतीस. मी काही वेगळं करत नाही, तूच केलंस ते एक पायरी खाली उतरून करतेय. आणि नुसत्या दिसण्यावर जायचं तर मला आपल्या घराचं नाक नाही. मग मला काय दाराबाहेर उभं करणार?

माझं काम चोख आहे. हे मी गर्वानं सांगतेय, कारण ते तुझ्या हाताखाली शिकले.

आता एक. मी बाईंशी बोललेय. सभा होईपर्यंत आम्ही थांबू. तुझा सत्कार होऊ दे, हार-तुरे होऊ देत. आम्ही पावसाळ्यानंतर छापू. कुणाला काही कळणार नाही.

तुझी,
नकटी


२९ एप्रिल

प्रिय नकटे,

आठही बरोबर.

चार आणि सात तू ओळखशील असं मला वाटलं होतं. सहा मी मुद्दाम घातला, कारण तुझं यंत्र त्याला परका म्हणेल आणि मी म्हणेन, बघ, दिसण्यावरूनही कळतं. माझा सडाफटिंग! त्याला मी सार्वजनिक बागेतल्या बाकाखालच्या मातीतून उचलला होता, पगाराचं पहिलं पाकीट पिशवीत होतं. दुसरं काही वाढत नसे तेव्हाही तो वाढायचा. मला तो सगळ्यांत आवडायचा, पण कूळ मांडताना म्हटलं, आवडीचा म्हणून घरात घ्यायचा नाही, नियम म्हणजे नियम. आणि तोच घरचा निघाला. ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. फ्रिज उघडला, बंद केला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. फार वाईट वाटलं. एवढी वर्षं माणूस एक घर मांडतो, भांडून, जागरणं करून, आणि आतली माणसं एकमेकांची कोणी नसतात. शिवाय करवतसाहेब बरोबर होते. ते तर औषधासारखं गिळावं लागलं.

पण तुझ्या शेवटच्या परिच्छेदाचा मला राग आला, तो वेगळा.

थांबू म्हणे! सत्कार होऊ दे म्हणे! मला माहीत असताना मी व्यासपीठावर चढून मोडक्या घराचा हार गळ्यात घालून घेऊ? तू मला काय समजलीस, म्हातारीला खाऊ देऊन गप्प बसवायचं? मी चुकले असेन, पण लबाड नाही. हे तुला पुन्हा सांगायला लागू नये.

आता ऐक. ते घर मी बांधलं, तेव्हा ते मोडणार मी. करवतसाहेब नाहीत, दुसरीकडचं ते कुणीतरी नाही, तूसुद्धा नाही. सभेत मला बोलायला वेळ दिलाय. तुझं झाड मला मोठ्या कागदावर काढून पाठव, शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल एवढं. सहाव्याची फांदी लाल रंगानं काढ.

आणि तू येऊ नकोस. आधी म्हटलं होतं, पहिल्या रांगेत ये. आता नाही. तू समोर दिसलीस की अर्धे म्हणतील भाचीनं आत्याला पाडलं, उरलेले म्हणतील आत्यानं भाचीला पुढं केलं. दोन्ही नको. पुरावा एकटा उभा राहू दे. माझा धाकटा भाऊ येईल माझ्याबरोबर, त्याला नवा शर्ट घेतलाय.

तुझी न उघडलेली दोन पत्रं काल उघडली. माफीच होती, म्हटलं नव्हतं? एवढी गयावया पुन्हा कोणाची करू नकोस, माझीसुद्धा.

आत्या


२६ मे

प्रिय नकटे,

तुझे बाबा म्हणतात त्यांनी तुला फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे: हॉल मोठा होता, पंखे आवाज करत होते, नळ गळत होता. आता माझ्याकडून ऐक.

आधी हार घातला, शाल दिली, सचिवांनी माझ्यावर एवढं बोलून घेतलं की मला वाटलं मी वारले. मग मला बोलायला उभं केलं. मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि म्हटलं, "तुम्ही ज्यासाठी मला बोलावलंत, ते कूळ नाही. आज मी ते मोडते आहे." तुझे बाबा एकटेच टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, उद्‌घाटन आहे.

मग तुझं झाड उलगडलं. दोघांनी दोन टोकं धरली. पांढरे दाखवले, जांभळे दाखवले, मधलं अंतर दाखवलं. आठ नळ्यांची गोष्ट सांगितली, चार आणि सातचीही. कुजबुज सुरू झाली. मग लाल फांदीवर काठी ठेवली आणि म्हटलं, "हा माझा सडाफटिंग. मी याला परका म्हणत आले. हा घरचा आहे." दोन कुळं करा म्हटलं, जांभळ्यांना त्यांच्या माणसांत जाऊ द्या, पांढऱ्यांत याला घ्या, आणि माझं नाव पुस्तकातून काढा.

आता गंमत. करवतसाहेब उभे राहिले! मी म्हटलं, आता करवत फिरणार. तर ते काय म्हणाले असतील? म्हणाले, "एवढी घाई नको. एका जनुकावरून इतका मोठा निर्णय घ्यायचा नाही. बाईंचं काम फार मोठं आहे, त्याचा मान राखून झुंबरकूळ तूर्त तसंच ठेवावं." अगं, हा माणूस! जन्मभर माझ्या कुळावर करवत चालवली, आणि ते खरंच पडायला आलं तेव्हा खाली खांदा द्यायला आला. लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांना माझी दया येत होती, नकटे. मला तेवढं सहन झालं नाही.

मी म्हटलं, "साहेब, आपण बरोबर होतात. आपल्याकडे पुरावा नव्हता, म्हणून मी जिंकत होते. आता पुरावा आलाय, तर आपण हरायला निघालात? बसा खाली आणि बरोबर असल्याचा आनंद घ्या. कीव करायची असेल तर ज्याच्याकडे मोडायला काहीच नसतं त्याची करा." हॉल हसला. साहेबही हसले, आणि बसले. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. मी ठेवू दिला.

मग मागून कोणीतरी विचारलं, हे झाड वाचलं कोणी? मी म्हणणार होते, अमुक प्रयोगशाळेनं. तसं ठरवून गेले होते. पण तोंडातून निघालं, "माझ्या भाचीनं." आणि एकदा निघालं ते निघालं, मग मी दोनदा म्हटलं. या वेळी टाळ्या तुझ्या बाबांच्या एकट्याच्या नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते, मला म्हणाले पंख्याची धूळ गेली. मला उभं राहून असं वाटत होतं की मी काही गमावलेलं नाही. इतका ताठपणा मला माझं कूळ छापून आलं तेव्हाही आला नव्हता.

तेव्हा छापा लगेच. तुझं नाव आधी, माझं नको. सहाव्याचं नाव काय ठेवायचं ते तू ठरव, फक्त माझ्यावरून ठेवू नकोस. जिवंत माणसाचं नाव काडीला देणं मला पसंत नाही.

राहता राहिलं सन्मानचिन्ह. काळ्या लाकडावर पितळी पत्रा, आणि त्यावर ठळक अक्षरांत कोरलंय: "झुंबरकुळाच्या जनक". सचिव ओशाळून म्हणाले, बाई, परत द्या, दुसरं करून पाठवतो. मी म्हटलं, हात लावून बघा. मी ते घेऊन थेट पाट्या करणाऱ्याकडे गेले आणि खाली एक पट्टी जोडून घेतली: "हे कूळ आता अस्तित्वात नाही. पुढील चौकशी भाचीकडे करावी." तो म्हणाला, बाई, लोक असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, लोकांना अशी भाची नसते.

धाकट्यानं ते दाराबाहेर लावलंय, घंटीच्या वर, चार स्क्रू मारून. काल विजेचं मीटर वाचणारा आला होता. त्यानं पाटी खालपासून वरपर्यंत वाचली आणि विचारलं, "भाची काय करतात?"

मी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. तासभर तरी लागणार होता.

तुझी,
आत्या